खाडीपलीकडील गावे आणि त्यांचा कारभार

ठाणे खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर दिघ्यापासून उरणपर्यंत पसरलेला पट्टा १९७० पूर्वी सर्वार्थाने ग्रामीण होता. भाताची खाचरे, खारबंदिस्तीचे बांध, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर येथील आगरी, कोळी आणि कराडी समाजाची उपजीविका चाले. पूर्वेकडील डोंगरपायथ्याला ठाकूर व कातकरी यांच्या वाड्या होत्या. उत्तरेकडील गावे ठाणे जिल्ह्यात, तर पनवेल व उरण तालुक्यांतील गावे कुलाबा जिल्ह्यात मोडत. या जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. आज नवी मुंबई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भूभागाची कथा बहुधा नगररचनेची कथा म्हणून सांगितली जाते. परंतु या गावांना कोणत्या स्थानिक संस्थेने, कोणत्या पैशातून आणि कितपत हातभार लावला, हा प्रश्न त्याहून कमी महत्त्वाचा नाही. शेतजमीन हातून गेलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने तर तोच मुख्य प्रश्न होय.

पंचायतीचे उत्पन्न

ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ चा, तर जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा १९६१ चा. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि वसंतराव नाईक समितीने सुचविलेली त्रिस्तरीय रचना राज्यात रूढ झाली. गावाच्या विकासाची जबाबदारी या तिन्ही संस्थांवर सोपविण्यात आली खरी. तथापि जबाबदारी आणि उत्पन्न यांचे प्रमाण प्रत्येक ठिकाणी जुळले असे नाही.

ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी आणि मालकीच्या गाळ्यांचे भाडे. यांखेरीज एक साधन असे आहे, की ज्याची माहिती सर्वसामान्य नागरिकास क्वचितच असते. ग्रामीण भागातील जमीन किंवा घर विकले गेले म्हणजे नेहमीच्या मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिक रक्कम आकारली जाते. ही रक्कम जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. ज्या गावात सदनिकांची खरेदी-विक्री जोरात चालते, त्या गावाच्या पंचायतीला यातून मोठी रक्कम मिळते. ज्या गावात कोणी काही विकत घेत नाही, तेथील पंचायतीला जवळजवळ काहीच मिळत नाही. जिल्हा परिषदेचा निम्मा वाटा मात्र साऱ्या जिल्ह्याचा असतो. पनवेलजवळ झालेल्या व्यवहाराचा पैसा पोलादपूर किंवा म्हसळा तालुक्यातील शाळेच्या छपरावर खर्च होऊ शकतो, तो याच वाटेने.

आर्थिक विकासाच्या दृष्टीने याहून उपयुक्त, परंतु अधिक दुर्लक्षित अशी तरतूद म्हणजे जिल्हा ग्रामविकास निधी. जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या उत्पन्नाचा पाव टक्का या निधीत वर्गणी म्हणून भरते. निधी जिल्हा परिषदेकडे असतो आणि त्यातून ग्रामपंचायतींना उत्पन्न देणाऱ्या कामांसाठी कर्ज मिळते. रस्त्यालगतच्या एखाद्या गावाने या कर्जातून दुकानांचे गाळे बांधले, की भाड्यातून हप्ते फिटतात आणि कर्ज फिटल्यावर गाळे पंचायतीचे कायमचे उत्पन्न होऊन बसतात. गावातील केशकर्तनालय, किराणा दुकान, शिलाईकाम करणाऱ्या महिलांचा बचतगट अशांना गावातच जागा मिळते, हा त्याचा दुसरा लाभ. वास्तविक ही पंचायतींनी पंचायतींसाठी चालविलेली एक छोटी पेढीच म्हणावी लागेल. मात्र कर्ज घ्यावयाचे तर जागेची मालकी स्पष्ट हवी, अंदाजपत्रक हवे, ग्रामसभेचा ठराव हवा आणि हप्ते भरण्याची शिस्तही हवी. अनुदानाची वाट पाहण्याची सवय जडलेल्या पंचायती या वाटेला सहसा जात नाहीत.

जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून वीस टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाची असते. शिलाई यंत्रे, घरघंट्या, सायकली यांचे वाटप बहुतांशी याच तरतुदींतून होते. यंत्र घरी आले म्हणजे धंदा उभा राहिला असे मात्र नव्हे. कापड कोठून आणावे, तयार माल कोठे विकावा याची सोय नसेल, तर ते यंत्र घराच्या कोपऱ्यात पडून राहते. म्हणून वस्तूंच्या वाटपाला प्रशिक्षणाची आणि बाजारपेठेची जोड देणाऱ्या पंचायत समितीचे काम अधिक टिकाऊ ठरते.

भूसंपादन आणि त्यानंतर

मुंबईवरील लोकसंख्येचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र प्रकल्पासाठी निश्चित करण्यात आले. ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावे या क्षेत्रात आली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल खुला झाला आणि मुंबईला जाण्याचा मार्ग जवळ आला.

भूसंपादनात गावठाण वगळून शेती, मिठागरे व मोकळी जमीन घेण्यात आली. म्हणजे घर राहिले, परंतु घराला पोसणारी जमीन गेली. ग्रामपंचायत तशीच होती. तिच्या हद्दीतील भूमीचे नियोजन मात्र आता दुसऱ्या संस्थेच्या हाती होते. मोबदल्याच्या दराविषयीचा असंतोष साचत गेला. उरण तालुक्यातील जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचे आंदोलन उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांचे स्मारक जासई येथे आहे.

या संघर्षातून पुढे आलेली योजना म्हणजे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची. शासनाने ती १९९० साली स्वीकारली आणि १९९४ साली तीत सुधारणा केली. तिचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे जमीन संपादित झाली असेल, तर साडेबारा टक्क्यांप्रमाणे पाच गुंठे होतात. सामाजिक सुविधांसाठी त्यांतून तीस टक्के वजा केले, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती साडेतीन गुंठ्यांचा विकसित भूखंड येतो. रोख मोबदला लग्नकार्यात, घरदुरुस्तीत, देण्याघेण्यात संपून जातो. वाढत्या शहरातील भूखंडाची किंमत मात्र शहराबरोबर वाढते, हे या योजनेमागील तत्त्व होय. तत्त्व योग्य होते. परंतु भूखंड हाती पडण्यास अनेक कुटुंबांना वर्षानुवर्षे थांबावे लागले, आणि त्या काळात गरजेपोटी कित्येकांनी आपला हक्क इमारत बांधणाऱ्यांना आधीच विकून टाकला. ज्यांनी भूखंड राखला, त्यांच्या घरी आज भाड्याचे उत्पन्न आहे.

दरम्यान गावठाणांत कुटुंबे वाढली, घरे अपुरी पडू लागली आणि लोकांनी गावालगतच्या संपादित जमिनीवर बांधकामे केली. नियोजनाच्या भाषेत ती अनधिकृत, गावाच्या भाषेत गरजेपोटीची घरे. त्यांच्या नियमितीकरणासंबंधी शासनाने २०२२ साली निर्णय घेतला. ज्या घराची नोंद निर्विवाद नाही, त्या घरावर बँकेचे कर्ज मिळत नाही, आणि कर्ज नाही तर व्यवसायाला भांडवल नाही. यामुळे हा प्रश्न निवाऱ्याइतकाच उपजीविकेचाही आहे.

पंचायतीकडून महानगरपालिकेकडे

नवी मुंबई महानगरपालिकेची स्थापना १७ डिसेंबर १९९१ रोजी झाली आणि १ जानेवारी १९९२ पासून तिचा कारभार सुरू झाला. दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, नेरूळ आणि बेलापूर या भागांतील गावांच्या पंचायती संपुष्टात आल्या. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९९५ साली झाली.

या पालिकेच्या आर्थिक बळाचे रहस्य उद्योग व व्यापारात आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहत तिच्या हद्दीत आहे आणि मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या घाऊक बाजारपेठाही वाशी-तुर्भे परिसरात आहेत. कांदा-बटाटा बाजार येथे १९८१ साली आला, तर भाजीपाला व फळांचे बाजार १९९६ साली. त्याच वर्षी पालिकेने जकातीऐवजी उपकर पद्धती अवलंबिली. २०१३ साली स्थानिक संस्था कर आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर येईपर्यंत हा उपकर उत्पन्नाचा भक्कम स्रोत होता. या बळावरच पालिकेला रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील मोरबे धरण शासनाकडून घेऊन पूर्ण करता आले. या धरणातून दररोज ४५ कोटी लिटर पाणी उचलण्याची क्षमता आहे. कोणत्याही ग्रामपंचायतीला, किंबहुना बहुतेक नगरपरिषदांनाही हे साधले नसते.

तरीही गावाने काय मिळविले आणि काय गमावले, याचे उत्तर सरळ नाही. नळाचे पाणी, भुयारी गटारे, रुग्णालये, शाळा, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या ही मिळकत उघड आहे. परंतु पूर्वी गावाचा सरपंच चावडीजवळ भेटत असे. आता नगरसेवक अनेक गावे व वसाहती मिळून झालेल्या प्रभागाचा, आणि त्यात गावकरी अल्पसंख्य. मे २०२० ते जानेवारी २०२६ या काळात तर निवडणुकाच न झाल्याने पालिकेचा कारभार प्रशासकांकडे होता. दिवाळे, सारसोळे, करावे येथील कोळी बांधवांची मागणी जेट्टी, जाळी वाळविण्यास जागा आणि मासळी बाजार एवढीच असते. शहराच्या अंदाजपत्रकात ती रक्कम लहान असते आणि लहान असल्यामुळेच मागे पडते.

पारसिकच्या डोंगरापलीकडे शीळफाटा परिसरात असलेल्या चौदा गावांचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. ही गावेही पालिकेच्या स्थापनेच्या वेळी तिच्या हद्दीत होती. कर शहराचे आणि सोयी मात्र शहराच्या नाहीत, अशी तेथील रहिवाशांची तक्रार होती. विरोध तीव्र झाला आणि २००७ साली ही गावे वगळण्यात येऊन तेथे पुन्हा ग्रामपंचायती आल्या. परंतु भोवताली गोदामे आणि वस्ती वाढत असताना पाणी, रस्ते, कचरा यांचा भार पंचायतींच्या उत्पन्नाला पेलेना. मग मागणी उलट दिशेने सुरू झाली, आणि २०२४ साली शासनाने ती गावे पुन्हा महानगरपालिकेत समाविष्ट केली. त्यांच्यावर होणारा खर्च कोणी सोसावा, यावर लगेच वाद सुरू झाला. ज्या पंचायतीला लोक आपली मानतात तिच्याकडे पैसा नाही, आणि जिच्याकडे पैसा आहे ती संस्था दूरची वाटते, अशी ही कोंडी आहे.

पनवेलच्या सीमेपलीकडे

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल नगरपरिषद आणि भोवतालची २९ गावे मिळून पनवेल महानगरपालिका झाली. रायगड जिल्हा परिषदेच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मुद्रांक शुल्काचे सर्वाधिक उत्पन्न देणारी अनेक गावे तिच्या हद्दीतून गेली. शहराला गावे मिळाली. डोंगराळ व दूरच्या तालुक्यांना मिळणारा आधार तेवढा कमी झाला. अशा फेररचनेचा हा परिणाम सहसा चर्चेत येत नाही.

विमानतळ प्रभावित क्षेत्रात, म्हणजेच नैना प्रकल्पात, २०१३ सालापासून वेगळी पद्धत स्वीकारण्यात आली आहे. येथे जमीन संपूर्णतः संपादित न करता नगररचना योजनेद्वारे एकत्र केली जाते आणि मालकाला चाळीस टक्के क्षेत्राचा विकसित भूखंड परत मिळतो. एका एकराला साडेतीन गुंठ्यांऐवजी सोळा गुंठे, हा फरक लहान नाही. तरी उरलेले साठ टक्के का द्यावेत, असा शेतकऱ्यांचा प्रश्न आहेच. नियोजन सिडकोचे आणि दैनंदिन कारभार ग्रामपंचायतीचा, अशी येथील विभागणी आहे. नवे रहिवासी राहावयास येतात ते पंचायतीच्या हद्दीत; त्यांचा कचरा उचलणे आणि त्यांना पाणी पुरविणे हे पंचायतीच्याच माथी येते.

विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. त्याच पनवेल तालुक्यात माथेरानच्या पायथ्याशी कातकरी व ठाकूर यांच्या वाड्या आहेत. तेथे मुद्रांक शुल्काची रक्कम पोहोचते ती फारच थोडी, कारण तेथील जमिनीचे व्यवहारच थोडे. या वाड्यांचा भरवसा जिल्हा परिषदेच्या वीस टक्के निधीवर, आदिवासी विकास विभागाच्या योजनांवर आणि अतिमागास आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन अभियानावर आहे. वनहक्काचे दावे ग्रामसभेमार्फतच पुढे जातात. परंतु अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर कामाला जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. २६ जानेवारी आणि १ मे या दिवशी ग्रामसभा भरतात तेव्हा वाडी जवळपास रिकामी असते. त्यांना गाठता येतात त्या १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरच्या सभा. पुढील वर्षाच्या ग्रामविकास आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरपासूनच सुरू होते. वाडीच्या रस्त्याचे किंवा विहिरीचे काम त्या सभेत नोंदविले गेले नाही, तर ते मांडण्यास वाडीतील माणसे गावात असतील ती पुढच्या पावसाळ्यातच.