हळद आणि हळदीचा अर्क : यकृताच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक

हळद हे आपल्या रोजच्या आहारातील आणि अनेक शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाचे पीक आहे. अलीकडे तिच्या अर्काच्या कॅप्सूलही आरोग्यपूरक म्हणून विकल्या जातात. हळद गुणकारी, म्हणून तिचा अर्क अधिक गुणकारी, असा समज त्यामागे असतो. यकृताच्या बाबतीत मात्र हा समज धोक्याचा ठरू शकतो.

हळद पावडरीत कर्क्युमिन व त्याच्या सहघटकांचे प्रमाण साधारणतः ३ ते ५ टक्के असते. संहत अर्कात ते ९५ टक्क्यांपर्यंत नेले जाते. अशा अर्काच्या ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये जेवढे कर्क्युमिन असते, तेवढे मिळवण्यासाठी सुमारे १२ ग्रॅम हळद खावी लागेल. भाजी-आमटीतून एवढी हळद एका व्यक्तीच्या पोटात सहसा जात नाही.

नुसते कर्क्युमिन आतड्यातून फारसे शोषले जात नाही. म्हणून अनेक उत्पादनांत काळ्या मिरीतील पायपरिन मिसळतात. २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यास रक्तातील उपलब्धता सुमारे २० पट वाढते, असे बंगळूर येथील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. पायपरिन काही औषधांचे शरीरातील विघटनही मंदावते.

अमेरिकेतील औषधजन्य यकृत-इजेच्या अभ्यासात हळदीच्या उत्पादनांशी निगडित १० रुग्ण आढळले. त्यांपैकी ५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, तर एकाचा मृत्यू झाला. ७ रुग्णांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार दिसून आला. म्हणजेच हा त्रास सर्वांना होत नाही. परंतु कोणाला होईल, हे घरबसल्या ओळखता येत नाही.

कॅप्सूल घेत असताना भूक मंदावणे, थकवा, गडद लघवी किंवा डोळे पिवळे होणे अशी लक्षणे दिसल्यास ती तत्काळ बंद करावी आणि डॉक्टरांना त्याविषयी आवर्जून सांगावे. यकृताचा विकार असलेल्यांनी किंवा नियमित औषधे घेणाऱ्यांनी सल्ल्याशिवाय अर्क घेऊ नये.

हळद प्रक्रिया करणाऱ्या शेतकरी गटांनीही वेष्टनावर ‘यकृताचे विकार बरे करते’ असा दावा छापू नये. अन्नपदार्थावर रोग बरा करण्याचा दावा करण्यास कायद्याने मनाई आहे. स्वयंपाकातील हळद निर्धास्तपणे वापरावी, अर्क मात्र औषधाइतक्याच सावधगिरीने घ्यावा, हा संदेश विस्तार कार्यकर्त्यांनी गावोगावी पोहोचवावा.