पिलांची भूक पोटात नव्हे, मेंदूत!

घरातले मूल जेवले नाही की आई आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहते. कोंबडीच्या पिलांबाबत मात्र आपण उलटे करतो. पिले खाईनाशी झाली की लगेच खाद्याला नावे ठेवतो. पुष्कळदा खाद्य चांगलेच असते. बिघाड असतो पिलाच्या भुकेत. ही भूक ठरते मेंदूत.

मेंदूच्या तळाशी ‘हायपोथॅलॅमस’ नावाचा लहानसा भाग असतो. तेथे काही रसायने ‘खा’ असा निरोप देतात, तर काही ‘पुरे’ म्हणून सांगतात. ‘न्यूरोपेप्टाइड वाय’ हे भूक वाढवणारे रसायन. ते पिलाच्या मेंदूत टोचले की पिलू जास्त खाते, असे १९८७ मध्ये दिसून आले. ‘सीआरएफ’ हे रसायन संकटाच्या वेळी सुटते आणि भूक मारते. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ‘घ्रेलिन’ शोधले. माणसाची भूक ते वाढवते. पिलाच्या मेंदूत मात्र ते भूक कमी करते. म्हणजे माणसाचा हिशेब पिलांना लागू पडत नाही.

भूक किती अंगभूत असते पाहा. अमेरिकेतील व्हर्जिनिया येथे प्रा. पॉल सीगल यांनी १९५७ पासून व्हाइट प्लायमाउथ रॉक जातीतून दोन वंश निवडत नेले. आठ आठवड्यांना वजनदार तो एक, हलका तो दुसरा. अनेक पिढ्यांनंतर त्यांच्या वजनात सुमारे दहापट फरक पडला. जड वंश अधाशी झाला. हलक्या वंशातील काही पिले तर समोर खाद्य असूनही खात नाहीत आणि मरतात.

वंश आपल्या हाती नाही, पण पिलांचा त्रास कमी करणे नक्कीच आहे. जन्मतः पिलाच्या पोटात बलकाचा साठा असतो. त्यावर ते दोन-तीन दिवस तगते. तो संपण्यापूर्वी पिलू खायला शिकले नाही, तर मरतुक होते आणि पिलांसाठी घातलेला पैसाही बुडतो.

म्हणून एवढे कराच :

१. पिले येण्याच्या आधीच ब्रूडर तापवून ठेवा. पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी करा.

२. पिले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, लांब पळून चोच उघडी टाकली तर उकडते आहे, असे समजा. दोन्ही वेळी त्यांचे खाण्यावरचे लक्ष उडते.

३. खोक्यातून काढताच चोच पाण्यात बुडवा. मग कागदावर खाद्य पसरा. टकटक आवाजाने इतर पिलेही चोच मारू लागतात.

४. दाटी, गोंगाट, कुत्र्या-मांजराची भीती टाळा.

५. पिले आणल्या दिवशी रात्री दहा-वीस पिलांच्या गळ्याखालची पिशवी बोटांनी चाचपा. मऊ व भरलेली असेल तर ठीक; कडक असेल तर पाणी कमी पडले; रिकामी असेल तर त्या पिलाला अजून खाद्य सापडलेले नाही. त्याला उचलून खाद्य-पाण्याजवळ सोडा.

घरातल्या बाईमाणसांची नजर या कामी फार उपयोगी पडते. पहिले तीन दिवस त्यांनी पिलांकडे घटकाघटकाला पाहिले, तर महागडे औषध आणण्याची पाळी सहसा येत नाही.