कार्यअहवाल वाचताना : काम कोणाचे, पैसा कोणाचा?

वर्ष पूर्ण झाले किंवा निवडणूक जवळ आली की लोकप्रतिनिधींचा कार्यअहवाल घरोघर येतो. गुळगुळीत कागद, रंगीत छायाचित्रे आणि आत दिल्लीपासून गल्लीपर्यंतच्या कामांची यादी. अंबाडी नाक्यावर चहाच्या टपरीत त्याची पाने चाळली जातात आणि नंतर मुलांच्या वह्यांना कव्हर घालायला ती कामी येतात. समाजबांधवांना माझी विनंती आहे की पुस्तिका कोणत्याही पक्षाची असो, ती आधी नीट वाचावी. वाचताना हातात पेन्सिल घ्यावी आणि प्रत्येक कामापुढे एक शब्द लिहावा : दिल्ली, मुंबई, जिल्हा परिषद की ग्रामपंचायत.

आपली अंबाडी भिवंडी ग्रामीण या विधानसभा मतदारसंघात येते. ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव असून २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही वेळी येथून शांताराम मोरे निवडून आले. लोकसभेला आपण भिवंडीत. २०१४ व २०१९ ला कपिल पाटील खासदार झाले, २०२१ ते २०२४ या काळात ते केंद्रात पंचायती राज राज्यमंत्री होते. २०२४ ला सुरेश म्हात्रे निवडून आले. म्हणजे एकाच गावाला दोन लोकप्रतिनिधींचे अहवाल येतात आणि दोघांच्या पानांवर कधी कधी तेच घर, तोच नळ दिसतो!

घरकुलाचेच पाहा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागातील घराला मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. त्यात केंद्राचे ६० टक्के, म्हणजे ७२ हजार, आणि राज्याचे ४८ हजार. रमाई आवास योजना मात्र संपूर्ण राज्याची, सामाजिक न्याय विभागाची, अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी. पहिल्या योजनेची यादी सरकारी सर्वेक्षणावरून होते व ग्रामसभेपुढे येते. दुसरीची वाट ग्रामसभा, पंचायत समिती आणि मग जिल्हा, अशी. दोन्हींत आमदार-खासदार स्वतः नाव घालत नाहीत. त्यांनी उद्दिष्ट वाढवून आणावे, अडकलेले हप्ते सोडवावेत. तो त्यांचा अधिकार आणि ते त्यांचे कर्तव्यही.

हे न कळल्याने किती हाल होतात! वस्तीतील एक विधवा भगिनी दोन पावसाळे एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होती. प्रत्येक वेळी तिला "साहेबांच्या कानावर घालतो" असे उत्तर मिळे. तिचा कागद पाहिला तेव्हा कळले की ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत घर अजून वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर होते. वारस नोंद झाली, उतारा तिच्या नावाने निघाला, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला. ताडपत्रीखाली गेलेले ते दोन पावसाळे कोणत्याही अहवालात छापून येणार नाहीत.

केंद्र कोणते आणि राज्य कोणते, हा फरक आपल्या समाजाने तर अंगावर सोसलेला आहे. धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांत आणि योजनांत बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळायला १९९० साल उजाडावे लागले. व्ही. पी. सिंग पंतप्रधान असताना तो कायदा दुरुस्त झाला. तोपर्यंत एकाच घरातला मुलगा मुंबईच्या दारात पात्र आणि दिल्लीच्या दारात अपात्र ठरत होता.

रस्त्यांचेही असेच. भिवंडी तालुक्यातून जाणारा मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा आहे, तर ज्या भिवंडी-वाडा रस्त्याच्या खड्ड्यांतून आपण रोज कामावर जातो तो राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा. पहिल्याचे छायाचित्र दाखवून दुसऱ्याचे खड्डे बुजत नाहीत.

आता लोकप्रतिनिधींना थेट जाब विचारता येईल असा पैसा कोणता? खासदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. कोरोनामुळे तो एप्रिल २०२० पासून काही काळ बंद होता, नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. या निधीतील कामे खासदार सुचवतात, मंजुरी व पैसे जिल्हा प्रशासन देते. त्यातील किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्त्यांवर आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांवर खर्चावेत, असा नियम आहे. ५ कोटींचे १५ टक्के म्हणजे ७५ लाख. मतदारसंघ सहा विधानसभांचा, तेव्हा सगळे अंबाडीला येणार नाहीत हे उघड आहे. पण ते ७५ लाख कोणत्या वस्त्यांत, कोणत्या कामाला गेले, हे पान अहवालात असलेच पाहिजे. मी पाहिलेल्या पुस्तिकांत ते क्वचितच सापडते. कमानी आणि बाकडी मात्र भरपूर!

पाण्याचा प्रश्न मायभगिनींचा. मुंबईची तहान भागवणारी तानसा, भातसा ही धरणे शेजारच्या शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात हंडे आपल्या बायकांच्या डोक्यावर. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाने, असा त्याचा दंडक आहे. महाराष्ट्रात केंद्र व राज्य निम्मा निम्मा खर्च करतात आणि गावातील योजना चालवायची जबाबदारी ग्रामपंचायतीवर येते. "नळ जोडला" आणि "पाणी आले" ही दोन वेगळी वाक्ये आहेत. अहवालात पहिले असेल तर दुसरे विचारा.

हे सारे विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. तिच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. तिला आपल्या भगिनींनी जरूर जावे, कारण तिथे नळाचा विषय पुरुषांच्या भांडणात बुडत नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात, तो हिशेबही तिथेच मागावा. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात "सर्व कामांची माहिती द्या" असे मोघम लिहू नये. काम, वर्ष आणि योजनेचे नाव लिहावे, आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.