उन्हाळी सहलीसाठी जलाशयाची निवड

वैशाखात वालीवची हवा दमट होते आणि घरोघरी एखाद्या थंड जलाशयाकाठी जाण्याचे बेत निघू लागतात. परंतु महाराष्ट्रातील बहुतेक जलाशय पावसावर भरतात व मे महिन्यात ओसरतात. भंडारदऱ्याला 1926 साली पूर्ण झालेल्या धरणाचे पाणी शेतीसाठी सोडले जाते. त्यामुळे श्रावणात डोळे निववणारा तो तलाव ऐन सुट्टीत खाली गेलेला असतो. काठच्या उघड्या गाळात पाय रुततात, आणि मुले नेमकी तेथेच धावतात! महाबळेश्वरच्या वेण्णा सरोवरावर हवा थंड, नौकाविहाराचीही सोय. पण वाट लांबची व गर्दी फार.

त्या मानाने माथेरानचा शार्लोट तलाव जवळ. त्याचेही पाणी उन्हाळ्यात उतरते, परंतु भोवती गर्द झाडी आहे. मोटारींना बंदी असल्याने मुले निर्धास्त हिंडतात. आजीला मात्र तांबड्या मातीतून बरेच चालावे लागते, हे बेत ठरण्यापूर्वीच तिला सांगितलेले बरे. तलावात पोहण्यास मनाई आहे. वसईहून दिवामार्गे नेरळ गाठले, की 1907 साली सुरू झालेली छोटी गाडी डोंगर चढते. तिच्यात जागा थोड्या असतात; म्हणून नेरळला सकाळी लवकर पोहोचावे.