घाई न करणारा प्रेस

मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचं पाणी पसरलेलं आहे आणि तिथून वरुडपर्यंत संत्र्याचे बगीचे. नाशिकजवळ गंगापूर धरणाचं पाणी पसरलेलं आहे आणि त्याच्या भोवती द्राक्षाचे मळे. गंगापूरच्या काठाला शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. माणसं मळ्यात फिरतात, वाईनची चव घेतात, दोन-चार बाटल्या घेऊन परततात. आपल्याकडं संत्र्याच्या हंगामात येतात ते ट्रक, आणि माल भरून निघून जातात. हा फरक कशामुळं पडला ते पाहून ये, असं संपादकांनी सांगितलं आणि फेब्रुवारीत, द्राक्षाची काढणी ऐन भरात असताना, मी अमरावती-मुंबई एक्स्प्रेसनं नाशिकरोडला उतरले.

नाशिकच्या वाईनचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण तो सगळीकडं छापलेला आहे. १९८०च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी इंडेज उभी केली आणि भारतात बनलेली बुडबुड्यांची वाईन थेट युरोपात पाठवली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी गंगापूरच्या काठावर सुला सुरू केली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, वाईनला दहा वर्षं उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क जाहीर केले. मग नाशिक जिल्ह्यात वायनऱ्यांची लाटच आली. सुला आता शेअर बाजारात गेलेली मोठी कंपनी आहे. मला पाहायच्या होत्या त्या तिच्या आसपासच्या लहान जागा, जिथं घरातलीच माणसं मळा, टाकी आणि गिऱ्हाईक सांभाळतात.

गंगापूर-सावरगाव रस्त्यावरची यॉर्क ही अशी जागा. गुरनानी कुटुंबानं ती उभी केली. नाव ठेवलं ते मुलांच्या आद्याक्षरांवरून. एक मुलगा ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला वाईनशास्त्र शिकून आला आणि घरच्या टाक्यांपाशी उभा राहिला. गंगाव्हरेला सोमा आहे. इगतपुरीच्या बाजूला, मुकणे धरणाच्या पाण्यावर नजर ठेवून, शैलेंद्र पै यांची व्हॅलोने आहे. तिथला मालबेक आणि व्हिओनिए जाणकार आवर्जून मागतात. व्हॅलोनेच्या बाजूनं पाणी पाहिलं की या धंद्याचं अर्धं आकर्षण कळतं. समोर सह्याद्रीच्या कड्यांची रांग, खाली धरण, आणि उतारावर वेली. निसर्ग सुंदर आहे, यात वादच नाही. पण सिंभोऱ्याचं पाणीही संध्याकाळी कमी सुंदर दिसत नाही. तेव्हा उत्तर दृश्यात नव्हतं, ते आत शोधायला हवं होतं.

ते मला एका लहानशा वायनरीत सापडलं. तिचं नाव देत नाही, कारण तिथं ज्याच्याशी बोलले त्याला आपलं नाव छापून यायला नको आहे. हा मुलगा आपल्याकडचा निघाला, अचलपूर-चांदूर बाजार पट्ट्यातला. कृषी पदविका झाली, घरचा संत्र्याचा बगीचा डिंक्या रोगानं निम्मा वाळला, आणि तो नाशिकला आला. हंगामात त्याच्याकडं प्रेसचं काम असतं.

प्रेस म्हणजे स्टीलचं आडवं पिंप, आपल्या दुधाच्या टँकरएवढं नाही, त्याहून बरंच लहान. आत एका बाजूला जाड पडदा बसवलेला असतो. पिंपात पांढऱ्या वाईनची द्राक्षं ओततात आणि पडद्यामागं हवा भरतात. पडदा फुगतो, द्राक्षं जाळीच्या भिंतीवर दाबली जातात, रस खालच्या ताटात उतरतो. मग हवा सोडायची, पिंप सावकाश फिरवायचं, आत बसलेला चोथा मोकळा करायचा आणि पुन्हा फुगवायचं, या वेळी किंचित जास्त. असे फेरे दोन-तीन तास चालतात. मी पोचले तेव्हा शेनिन ब्लाँचा माल पहाटे तोडून आला होता. गारव्यात तोडलेला माल गार असतानाच दाबायचा, म्हणून माणसं रात्री दोनपासून विजेऱ्या लावून मळ्यात होती. वीस-वीस किलोचे क्रेट एकावर एक रचलेले होते आणि मालक स्वतः निवड करणाऱ्या बायकांबरोबर फुटके, कुजके मणी बाजूला काढत होते.

एवढा माल बाहेर पडून असताना प्रेस इतका संथ का, असं मी विचारलं. त्यानं ताटातून ग्लासभर रस काढून दिला. गोड, आंबट, स्वच्छ. दीड तासानं पुन्हा दिला. आता जिभेच्या मागच्या बाजूला तुरटपणा होता.

"ताई, घाई केली का बी फुटते," तो म्हणाला, "अन् बी फुटली का सारं कडू. हा प्रेस घाई कराले देतच नाही. मी मनात आणलं तरी देत नाही."

मग ग्लास खाली ठेवून म्हणाला, "आपल्या संत्र्याचा रस सकाळी काढून ठेवला तं दुपारपर्यंत कडू लागते, मालूम हाय न तुमाले?"

मला माहीत होतं, वरुड-मोर्शीत कुणाला माहीत नाही? नागपुरी संत्र्याच्या फोडीत, पापुद्र्यात आणि बियांत एक पदार्थ असतो. तो फळात असेपर्यंत कडू नसतो, पण रस निघाला की आंबटपणामुळं त्याचं हळूहळू लिमोनिन होतं, आणि रस कडवट होतो. साली-बियांसकट जोरानं चेपलं तर आणखी लवकर. खायला इतकं गोड फळ प्रक्रियेला इतकं अवघड का, याचं हे एक मोठं कारण आहे. तो पोरगा रोज द्राक्षं दाबता दाबता याच गोष्टीचा विचार करत होता. ताटाखालच्या रसाचे तो तीन भाग करतो: आपोआप ठिबकलेला, हलक्या दाबाचा, शेवटच्या दाबाचा. तिन्ही वेगळ्या टाक्यांत जातात. कुठं थांबायचं हे यंत्राच्या स्क्रीनवर आकड्यांत दिसतं, पण तो दर फेऱ्याला चव घेतो आणि आपल्या जिभेवर थांबतो. मालकांचाही भरवसा त्याच्या जिभेवर आहे. त्या दिवशी यंत्रात आणखी एक फेरा शिल्लक होता; त्यानं बटण दाबून प्रेस थांबवला, कुणालाही न विचारता. चोथ्यात अजून रस होता. तो त्यानं सोडून दिला.

मला ही जागा आवडली ती या क्षणामुळं. शेतमालाच्या धंद्यात शेवटचा थेंब पिळून काढायची इतकी सवय आपल्याला झाली आहे, की हातातला रस सोडून देणारा माणूस पाहून मी थक्क झाले.

प्रेसनंतरची वाट आणखी लांबची. रस रात्रभर गार टाकीत निवळतो, मग यीस्ट घालतात. पांढरा रस बारा ते सोळा अंशांवर आंबवायचा असतो आणि मार्चमध्ये नाशिकला दुपारी पस्तिशीच्या वर पारा जातो. म्हणून टाक्यांना दुहेरी भिंती, त्यांतून फिरणारं थंड पाणी, आणि ते थंड करणारा चिलर. वीज गेली की जनरेटर लगेच सुरू व्हावा लागतो. दोन-तीन तास टाकी तापली तर फळाचा वास उडून जातो. तांबड्या वाईनचं उलट. ती सालीसकट आंबते, साली वर तरंगून जाड थर धरतात आणि तो थर दिवसातून अनेकदा खालच्या रसानं भिजवावा लागतो, नाहीतर त्यात बिघाड शिरतो. शिराझ आणि कॅबर्नेचा चांगला माल मग २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत वर्षभर, कधी जास्त, पडून राहतो. एका पिंपात साधारण तीनशे बाटल्या. तेवढ्या काळात त्यातून एक रुपया येत नाही.

वेलींचं वेळापत्रकही माणसानंच लावलेलं आहे. युरोपात थंडीत वेल झोपते आणि वसंतात उठते. आपल्याकडं ती झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्यात नुसती वाढ, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च काढणी. वर्षातून दोनदा कात्री लावून तिचा हंगाम ठरवायचा. आपला बागायतदार हेच संत्र्यावर करतो: पाणी तोडून झाडाला ताण देतो, पानं सुकू लागली की पाणी सोडतो आणि बहार धरतो. कौशल्यात वऱ्हाडचा शेतकरी कुठंच कमी नाही, हे मी तिथं उभी राहून पुन्हा पुन्हा मनाशी म्हटलं. आंबिया बहार धरायचा की मृग बहार, हा निर्णय वेलीच्या छाटणीइतकाच नाजूक असतो.

फरक पडतो तो तोडणीनंतर. आपल्याकडं बगीचा बहुतेक वेळा झाडावरच उक्ता दिला जातो. व्यापारी येतो, नजरेनं अंदाज घेतो, विसार देतो. तोडणी त्याची, वर्गवारी त्याची, दिल्ली-कोलकात्याचा बाजार त्याचा. बांगलादेशानं संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवत नेलं तेव्हा फटका मात्र बागायतदाराच्या दारात आला. थांबण्याची सोयच नाही: फळ पिकलं की विकलं पाहिजे. नाशिकच्या या लहान घरांनी पैसे टाकून थांबण्याची सोय विकत घेतली आहे. टाकी, चिलर, पिंप हे सगळं थांबण्याचंच सामान.

आणि तरीही ही घरं सुखात आहेत असं मला म्हणता येत नाही.

२००८ची जागतिक मंदी आणि त्याच नोव्हेंबरात मुंबईवरचा हल्ला, यांनी हॉटेलं रिकामी पडली आणि वाईनचा खप एकदम बसला. त्याआधी करारावर वाईनची द्राक्षं लावलेल्या शेतकऱ्यांचा माल घ्यायला कुणी उरलं नाही. ही द्राक्षं लहान मण्यांची, बियांची, बाजारात खायला विकता येत नाहीत. अनेकांनी वेली उपटल्या किंवा त्यावर खायच्या वाणांची कलमं केली. इंडेजसारखी अग्रणी कंपनी कोसळली, कितीतरी लहान वायनऱ्यांना कुलपं लागली. विंचूरच्या वाईन पार्कात जी स्वप्नं होती, त्यांतली थोडीच उरली. यॉर्कही २०२१ मध्ये सुलाच्या समूहात गेली. ती चालू आहे, दर्जा टिकून आहे, पण मुलांच्या नावावरची घरची वायनरी मोठ्या शेजाऱ्याकडं जाते, तेव्हा बाकीच्या लहान घरांत ती गोष्ट रात्री जेवताना बोलली जातेच.

दर राज्यात विकायला वेगळा परवाना, वेगळी लेबल नोंदणी, वेगळं शुल्क. शंभर लेबलांच्या कंपनीला ते परवडतं, सहा लेबलांच्या घराला नाही. म्हणून लहान वायनरीची बाटली महाराष्ट्राबाहेर क्वचित दिसते. राज्यात वाईनवर वीस टक्के मूल्यवर्धित कर भरायचा आणि त्यातला सोळा टक्के प्रोत्साहन म्हणून परत मिळायचा, अशी योजना आहे. हा परतावा मधली काही वर्षं अडकला होता. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात ती एक ओळ असते. लहान घरात त्यावर पुढच्या हंगामाच्या बाटल्या आणि बुचं अवलंबून असतात. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी दिली, मोठा विरोध झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय कागदावर राहिला. डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानं तिकडच्या मधल्या आणि वरच्या दराच्या बाटल्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरत आहे. लहान घरांची चांगली बाटली नेमकी त्याच दरात बसते.

त्यात आभाळ. गोडी छाटणीनंतरचा ऑक्टोबरचा पाऊस फुलोऱ्यावर भुरी-डावणी आणतो, आणि काढणीआधीची गारपीट एका संध्याकाळी वर्ष संपवते. आणि पाणी. गंगापूर आणि मुकणे ही धरणं नाशिक शहराची तहान भागवतात, आणि टंचाईच्या वर्षी जायकवाडीसाठी वरून पाणी सोडावं लागतं तेव्हा नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर उभे राहतात. जो देखावा पाहायला पाहुणे येतात, त्या देखाव्यावर या घरांचा काहीही हक्क नाही.

तेव्हा मोर्शीला हे करावं का? सिंभोऱ्याच्या जलाशयाचा पलीकडचा काठ वर्धा जिल्ह्यात, आष्टी तालुक्यात येतो, आणि वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. एका काठावर वाईनची चव आणि दुसऱ्या काठावर बंदी, हे कायद्यात बसलं तरी गावात बसणार नाही. दारूनं मोडलेली घरं आपल्याकडं कमी नाहीत आणि बंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या बायकांचं म्हणणं मला मनापासून पटतं. शिवाय संत्र्यात साखर द्राक्षापेक्षा खूप कमी. वाईनच्या द्राक्षाला बावीस-चोवीस ब्रिक्स लागतो, संत्रा दहा-बाराच्या आसपास असतो. वाईन करायची तर वरून साखर घालावी लागेल, आणि लिमोनिन तरीही उरेलच.

प्रेसवरच्या त्या पोराचं म्हणणं वेगळं होतं आणि मला तेच बरोबर वाटतं. त्याला वाईन नको आहे. त्याला दाब हवा आहे, हलका, मोजलेला, थांबवता येणारा. सोललेल्या फोडी बी न फोडता दाबायच्या, रस ताबडतोब गार करायचा, कडू भाग वेगळा काढायचा. कडवटपणा शोषून घेणाऱ्या रेझिनची पद्धत जगात वापरात आहे, आणि संशोधनाला अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ व नागपूरची लिंबूवर्गीय फळसंशोधन संस्था हाताशी आहेत. चार-पाच बागायतदारांनी मिळून एक लहान प्रेस, एक चिलर, दोन टाक्या घेतल्या, तर फळगळीतून वाचलेलं पण आकारानं बारीक, व्यापारी नाकारतो ते फळ तरी उक्त्यातून सुटेल. त्यानं वहीत टाक्यांचे भाव लिहून ठेवले आहेत, विजेचं बिल मांडलं आहे. कर्जाचा रकाना अजून मोकळा आहे, कारण तारण म्हणून दाखवायला त्याच्याकडं निम्मा वाळलेला बगीचा आहे. त्याच्या वडिलांनी यंदाचा आंबिया जानेवारीतच, फूल धरायच्या आधी, विसार घेऊन दिला.