चार मिनिटं आणि एक पावसाळा

सादिकूचा गोल झाला तेव्हा ८८वं मिनिट चालू होतं. रविवार, ६ एप्रिल २०२५, फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम. इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलचा पहिला सामना आम्ही, म्हणजे एफसी गोवा, बेंगळुरूत ०-२ असा हरून आलो होतो. मध्यंतरानंतर लगेच बोर्हा हेरेराने एक गोल फेडला होता आणि आता आर्मांडो सादिकूने दुसरा फेडला. दोन्ही सामने मिळून २-२. पुतण्या माझा दंड घट्ट धरून ओरडत होता, "काका, एक्स्ट्रा टाइम! आता सोडायचं नाही त्यांना!" मागच्या रांगेतला एक म्हातारा, ज्याला मी ओळखतही नव्हतो, माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडत होता.

इंज्युरी टाइमच्या दुसऱ्या मिनिटाला नामग्याल भुतियाचा क्रॉस आला. चाळीस वर्षांचा सुनील छेत्री आमच्या बचावपटूंच्या मधून पुढे झेपावला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. गोव्याने तो सामना २-१ जिंकला, पण दोन्ही सामने मिळून २-३ असं फायनलचं तिकीट गमावलं. आमचा ढोल वाजवणारा मुलगा टिपरू हातात धरून तसाच उभा राहिला. पलीकडच्या कोपऱ्यातले बेंगळुरूचे मोजके पाठीराखे काय ओरडताहेत ते शब्द न् शब्द ऐकू येत होतं, इतकं स्टेडियम गप्प झालं होतं. परतीच्या वाटेवर बोरीचा पूल ओलांडून फोंड्यात शिरेपर्यंत स्कूटरवर आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

हंगाम संपला की पाठीराख्याचं काम संपतं असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. सामन्याच्या दिवशी आम्ही ओरडतो, गातो, घरी येतो. खरं काम त्यानंतरच्या महिन्यांत असतं आणि ते पुष्कळसं हिशेबाचं असतं.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानातलीच एक दोनशे पानी वही मी २०१४पासून, म्हणजे एफसी गोवा सुरू झाल्यापासून, भरत आलो आहे. तारीख, प्रतिस्पर्धी, गोल कोणाचा, कितव्या मिनिटाला. एवढंच. पण एप्रिलच्या त्या आठवड्यात दुपारी गिऱ्हाईक नसताना मी मागची पानं चाळली आणि एक यादी वेगळी काढली.

२०१५ची फायनल, इथेच फातोर्ड्यात, २० डिसेंबर. ८७व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकवर आम्ही २-१ पुढे. ९०व्या मिनिटाला चेन्नईयिनने चेंडू आमच्या गोलकीपरच्या अंगावरून आत घातला आणि इंज्युरी टाइमला मेंडोझाने तिसरा केला. २-३. २०१९ची फायनल, मुंबईत. निर्धारित वेळेत गोल नाही, जादा वेळेत आम्ही दहा जण, आणि शेवटची तीन-चार मिनिटं उरली असताना कॉर्नरवर बेंगळुरूच्या राहुल भेकेचं हेडर. ०-१. २०२१ची सेमीफायनल पेनल्टीवर ५-६ अशी गेली. साथीमुळे त्या वर्षी अख्खी लीग गोव्यातच खेळवली, पण आम्हाला एकाही सामन्याला आत जाता आलं नाही. स्टेडियमचे दिवे रस्त्यावरून दिसायचे. आणि २४ एप्रिल २०२४. बोरिस सिंग आणि ब्रॅन्डन फर्नांडिसच्या गोलांवर आम्ही मुंबई सिटीविरुद्ध ९०व्या मिनिटापर्यंत २-० पुढे होतो. मग छांगते, विक्रम प्रताप, पुन्हा छांगते. सहा-सात मिनिटांत तीन गोल. २-३. त्याच उन्हाळ्यात आमचा कॅप्टन, आमच्या गोव्याचा ब्रॅन्डन, मुंबई सिटीत गेला. त्याचा निर्णय त्याच्या जागी योग्य असेल. मला मात्र ते पान लिहायला आठवडा लागला होता.

यादीखाली मी माझं मत लिहिलं. आम्ही वाईट खेळून हरत नाही. २०२४-२५मध्ये लीगच्या २४ सामन्यांत ४८ गुण घेऊन आम्ही दुसरे होतो, फक्त मोहन बागानच्या मागे. आम्ही हरतो ते पाय जड झाल्यावर. पुढे असलो तर बचावाची फळी हळूहळू स्वतःच्या गोलपर्यंत मागे सरकते. क्लीअर केलेला चेंडू थेट समोरच्याच्या पायात जातो आणि पुन्हा आपल्यावर येतो. बरोबरी साधली असेल तर उलट होतं, सगळे पुढे धावतात आणि बाजूच्या पट्टीवरून क्रॉस टाकणाऱ्याला कोणी अडवत नाही. छेत्रीला कोणी सोडलं यावर आमच्याकडे महिनाभर वाद झाले. माझ्या मते प्रश्न क्रॉस टाकणाऱ्याला कोणी सोडलं हा आहे. पुढच्या हंगामाकडून म्हणून माझी एकच अपेक्षा होती: ७५व्या मिनिटानंतर बेंचवरून उठून सामना बंद करू शकतील असे दोन-तीन ताजे, अनुभवी खेळाडू.

मधल्या काळात सुपर कपने थोडी फुंकर घातली. भुवनेश्वरला पंजाबविरुद्ध एका गोलने मागे असताना आम्ही शेवटच्या मिनिटांत दोन गोल केले. त्या यादीत पहिल्यांदाच ९० हा आकडा आमच्या बाजूला लिहिला. सेमीफायनलला मोहन बागानला ३-१, आणि ३ मेला फायनलला जमशेदपूरला ३-०. त्या कपामुळे आशियाच्या चॅम्पियन्स लीग टूच्या पात्रता सामन्याचं दार उघडलं. एप्रिलची जखम त्याने भरली असं मी म्हणणार नाही. पण उन्हाळ्याला एक तारीख मिळाली.

मग आम्ही बॅनर काढला.

आमचा बॅनर वीस फूट बाय बारा फूट. मांजरपाटाचे पट्टे शिंप्याकडून जोडून घेतलेले. पांढऱ्यावर नारिंगी रंगात गव्याचं डोकं. गवा गोव्याचा राज्यप्राणी आणि आमच्या संघाचं चिन्ह. ६ एप्रिलच्या रात्री कोणाचंच लक्ष नव्हतं, तो घामाने आणि सांडलेल्या सरबताने ओला असतानाच गुंडाळून माडीवर टाकला होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात उलगडला तेव्हा घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. हलक्या हाताने ओढल्या तरी रंगाचे पापुद्रे निघाले. गव्याच्या डाव्या शिंगावर बुरशीचे काळे ठिपके, आणि नाकपुडीतून थेट कपाळापर्यंत गेलेली घडीची पांढरी रेघ.

चौघांनी मिळून तो विहिरीपाशी धुतला. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, घासायचं उभ्या धाग्याने, आडवं घासलं तर कापड फुगतं. मग सुपारी वाळवायच्या खळ्यात पसरून चारी कडांना दगड ठेवले. मेचं ऊन होतं म्हणून दोन दिवसांत तो कडक वाळला. पाऊस सुरू झाल्यावर हे काम काढलं असतं तर बॅनर गेलाच असता.

रंगवायला मात्र जून उजाडला आणि तिथे आम्ही चुकलो. पहिल्या वर्षीसारखा ऑइल पेंट आणला. पावसाळी हवेत तो वाळेचना. पाच दिवसांनी बोट लावलं तरी ठसा उठायचा, आणि पडवीत शिरलेले पतंग त्यावर चिकटून बसायचे. शेवटी तो खरवडून काढला आणि ऍक्रिलिक घेतला. जुन्या शिंगावर आधी पांढऱ्याचा एक हात दिला, कारण जुन्या नारिंगीवर नवा नारिंगी मळकट दिसतो. पुतण्याने खडूने चौकटी आखल्या; लहान चित्रात एक इंच म्हणजे कापडावर एक फूट. तो चौकट चौकट भरत गेला आणि मी पंखा हलवत बसलो. शिंग पूर्ण व्हायला तीन संध्याकाळ लागल्या. ते आता पूर्वीपेक्षा थोडं जास्त वळलं आहे, मला ते आवडतं. घडी घालताना मधे जुनी वर्तमानपत्रं आणि चार डांबरगोळ्या.

ढोलाचंही तसंच. जून-जुलैत चामडं ओल धरतं, सैल पडतं, आवाज बसतो. आमच्या ढोलवाल्याच्या आईने तो चुलीवरच्या फळीवर ठेवून घेतला. दर चार दिवसांनी ढोलवाला एकदा टिपरू मारून बघायचा आणि आम्हाला फोनवर ऐकवायचा.

याच दिवसांत नावांचा पाऊस असतो. कोण जाणार, कोण येणार. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी बोलू शकतो, त्यामुळे मेमध्ये जाहीर होणाऱ्या गोष्टी पुष्कळदा जानेवारीतच ठरलेल्या असतात. परदेशी खेळाडू सहा घेता येत होते आणि मैदानावर एका वेळी चार. म्हणून एक परदेशी बचावपटू घेतला की आक्रमणातली एक जागा कमी व्हायची. आम्ही दुकानात बसून वहीच्या मागच्या पानावर हे गणित मांडायचो. सादिकू जाणार हे कळलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं; चार मिनिटं का होईना, त्याने आम्हाला फायनलच्या वाटेवर उभं केलं होतं. त्याच्या जागी हाविएर सिवेरिओ आला, जमशेदपूरच्या त्याच संघातून ज्याला आम्ही सुपर कपमध्ये हरवलं. मधल्या फळीत डेव्हिड तिमोर आणि बचावात पोल मोरेनो, दोघंही स्पेनचे. तिमोरचं नाव वाचून मी यादीशेजारी खूण केली. सामन्याची गती कमी करणारा माणूस मला हवाच होता.

पण मला सर्वांत जास्त आशा दाखवली ती एका मळलेल्या मैदानाने. पुतण्या पंधरा वर्षांखालच्या मुलांत खेळतो. जुलैत एका संध्याकाळी त्याला आणायला गेलो, पाऊस धरून होता, मैदानाचा अर्धा भाग चिखल. सराव संपायला दहा मिनिटं होती. मुलं दमून गुडघ्यांवर हात ठेवून उभी होती, आणि नेमक्या तेव्हाच त्यांच्या सरांनी कॉर्नर लावले. एकामागून एक, बारा कॉर्नर. पाचव्याला एका पोराने आपला माणूस सोडला. सरांनी शिट्टी वाजवली नाही की आवाज चढवला नाही. चालत जाऊन त्याचा हात धरला, समोरच्या मुलाच्या कमरेवर ठेवला आणि म्हणाले, "चेंडूकडे बघ, पण हाताला कळू दे हा कुठे आहे." पुढच्या सात कॉर्नरांत गोल झाला नाही. दमलेल्या पायांना हे शिकवावं लागतं आणि ते याच वयात शिकवतात. गोव्याने ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रूनो कुतिन्हो दिले. धेंपो क्लबने पाच वेळा देशाची लीग जिंकली. आता ब्रायसन फर्नांडिस आहे, २०२४-२५चा लीगमधला सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू. परदेशी नावं येतील जातील. शेवटच्या मिनिटांचं आमचं दुखणं अशा मैदानांवरच बरं होईल असं मला मनापासून वाटतं.

११ जुलैला बातमी आली की २०२५-२६चा हंगाम रोखून ठेवला आहे. भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१०चा करार ८ डिसेंबरला संपत होता, म्हणजे हंगामाच्या मध्यावर, आणि नवा करार झालेला नव्हता. दुकानात मी ती बातमी दोनदा वाचली. तोवर आम्ही कप मागत होतो, आता नुसतं वेळापत्रक मागायची पाळी आली. काही क्लबांचे पगार थांबल्याच्या बातम्याही आल्या. खेळाडूंची घरं आहेत, मैदान राखणाऱ्यांची आहेत, स्टेडियमबाहेर ऑम्लेट-पाव विकणाऱ्यांची आहेत. एक हंगाम अडला की हे सगळे अडतात. करार कधी संपणार हे पंधरा वर्षं आधी ठाऊक असतं. ती तारीख तोंडावर येईपर्यंत वाट बघणं अक्षम्य आहे, आणि हे मी कुठेही सांगायला तयार आहे.

आमच्यातल्या दोघांनी बॅनरच्या कामाला यायचं सोडलं. "खेळच नाही तर रंगवायचं कशाला?" मी त्यांना दोष देत नाही. उरलेल्या आम्ही तिघांनी दुसरं शिंग रंगवलं, कारण आशियाच्या पात्रता सामन्याची १३ ऑगस्टची तारीख कोणी रोखली नव्हती.

त्या बुधवारी ओमानचा अल सीब संघ फातोर्ड्याला आला. एकच सामना, जिंकेल तो आशियात पुढे. बॅनर कठड्यावरून खाली सोडला तेव्हा घड्या चिकटल्या नव्हत्या, रंग निघाला नाही. पहिल्या अर्ध्यात देयान द्राझिचने गोल केला, दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला सिवेरिओने. सामन्याला तासभर झाला तेव्हा त्यांनी एक फेडला. २-१, आणि अर्धा तास बाकी.

८०व्या मिनिटानंतर मी मैदानापेक्षा घड्याळाकडे जास्त पाहिलं. ८८ आलं तेव्हा पुतण्याने पुन्हा माझा दंड धरला, पण या वेळी ओरडला नाही. ९० गेलं. इंज्युरी टाइमचं दुसरं मिनिटही गेलं. पंचांनी शेवटची शिट्टी वाजवली. घरी येऊन वहीत नवं पान काढलं आणि लिहिलं: १३ ऑगस्ट २०२५, अल सीब, २-१, शेवटच्या दहा मिनिटांत गोल नाही.