पॉडकास्टचे रूप कसे ठरवाल?

एके काळी ध्वनीचा कार्यक्रम लोकांपर्यंत पोहोचवायचा तर आकाशवाणी केंद्र, ध्वनिमुद्रणगृह आणि तंत्रज्ञ असा मोठा सरंजाम लागे. आज मोबाइल फोनवर ध्वनिमुद्रण करून ते इंटरनेटवर ठेवता येते आणि श्रोता आपल्या सवडीने ते ऐकतो. अशा कार्यक्रमाला पॉडकास्ट म्हणतात. हा शब्द २००४ साली प्रथम छापून आला. यंत्राची अडचण अशी दूर झाली, तरी आकाशवाणीच्या काळातला एक प्रश्न मात्र तसाच उरला आहे. सांगायचे ते कोणत्या रूपात सांगावे? भाषण करावे, मुलाखत घ्यावी, चर्चा ठेवावी की श्रुतिका बसवावी?

कान मागे वळत नाही

वाचताना एखादे वाक्य समजले नाही, तर डोळे सहज मागे जातात. ऐकताना तसे होत नाही. पॉडकास्ट मागे नेता येतो हे खरे, पण काम करता करता ऐकणारा माणूस तसे क्वचितच करतो. एक सोपा प्रयोग करा. मित्राला दहा आकडी संख्या एकदाच, सावकाश वाचून दाखवा आणि त्याला ती म्हणायला सांगा. बहुधा तो मध्येच अडखळेल. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली दाखवून दिले, की माणूस एका वेळी साधारण सातच गोष्टी ध्यानात धरू शकतो. पुढच्या संशोधनाने तर ही मर्यादा चारच्या आसपास आणली. म्हणून छापील लेख जसाच्या तसा मोठ्याने वाचला, की त्याचा चांगला कार्यक्रम होतो असे नाही.

एकच विषय, अनेक रूपे

आता एक उदाहरण घेऊ. समजा, गोंदिया जिल्ह्यातील दवनीवाड्याच्या काही विद्यार्थ्यांनी सारस पक्ष्यावर पॉडकास्ट करायचे ठरवले. विषय अगदी घरचा आहे. महाराष्ट्रातील सारस आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत, आणि तेही थोडेच. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला हा पक्षी पावसाळ्यात पाणथळ जागी किंवा धानाच्या बांधीत घरटे करतो. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. घरट्याभोवतीचे काही धान मोडते. म्हणून सारसाचे भवितव्य बरेचसे शेतकऱ्याच्या हातात आहे.

सारसाची उंची, अन्न, अंडी ही माहिती द्यायची असेल, तर एकट्याचे निवेदन पुरे. ते चार-पाच मिनिटांचे असावे आणि त्यात तीन-चारच मुद्दे यावेत.

ज्याच्या बांधीत घरटे झाले, त्या शेतकऱ्याचा अनुभव मात्र त्याच्याच तोंडून ऐकावा. येथे मुलाखत हवी. “काका, तुम्हाला सारस आवडतो का?” या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळेल. “काका, रोवणीनंतर घरटे दिसले तेव्हा तुम्ही काय केले?” असे विचारले, की काका बोलू लागतील.

मोडलेल्या धानाची भरपाई कोणी करावी, कीटकनाशके किती वापरावीत, यांवर मतभेद असणारच. अशा वेळी चर्चा योग्य. पण आवाज दोन किंवा तीनच ठेवा. चेहरा दिसत नसल्याने पाच जण बोलू लागले, की कोण काय म्हणाले हे कळेनासे होते.

श्रुतिकेत मेहनत सर्वांत जास्त असते, पण प्रसंग मनात ठसवण्याची शक्तीही तिच्यातच असते. झाडीपट्टीत तर दंडारीची परंपरा आहे. तेव्हा संवाद रंगवणारी माणसे शोधायला लांब जायला नको.

आणि सारसाची जोडी एका सुरात साद घालते, ती शब्दांत कशी सांगणार? ती ऐकवायलाच हवी. मात्र ध्वनिमुद्रण लांबूनच करावे. घरट्याजवळ जाऊ नये आणि पक्ष्याला बोलावण्यासाठी मुद्रित साद वाजवू नये. त्याने पक्षी विचलित होतात.

पुण्याचा प्रयोग

एवढे करूनही कार्यक्रम ऐकून श्रोता काही करील का, हा प्रश्न उरतोच. आपल्या राज्यात त्याची मोठी परीक्षा झाली आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे त्यासाठी निवडली होती. शेती, आरोग्य अशा विषयांवर अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम आठवड्यातून दोनदा प्रसारित झाले. प्रत्येक गावात साधारण वीस जण एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि लगेच त्यावर चर्चा करीत. त्यांच्या शंका केंद्राकडे जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत. ही कल्पना कॅनडाची होती. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांसाठी असे कार्यक्रम होत असत.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. तुलनेसाठी मंडळे नसलेली गावेही घेतली होती. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी होती. म्हणजे खरा फरक पडला तो कार्यक्रमानंतरच्या चर्चेने.

आधी श्रोता, मग रूप

यावरून निवडीची रीत सहज सापडते. स्वतःला तीन प्रश्न विचारा. ऐकणार कोण? ऐकून त्याने काय करावे? त्यासाठी आपल्याजवळ कोणते आवाज आहेत? दवनीवाड्याच्या मुलांना शहरातल्या मुलांना सारसाची ओळख करून द्यायची असेल, तर निवेदन आणि सारसाची साद पुरेशी आहे. पण बांधीतले घरटे वाचावे अशी इच्छा असेल, तर श्रोता शेतकरी आहे. मग दुसऱ्या शेतकऱ्याची मुलाखत घ्यावी, ती चावडीवर सर्वांना ऐकवावी, नंतर चर्चा करावी आणि निघालेल्या शंकांवर पुढचा भाग बेतावा. श्रोत्याला बोलायला जागा ठेवणे हाही रूपाचाच भाग आहे.

करून पाहा

तुमच्या गावातला एक प्रश्न निवडा. त्यावर तीन मिनिटांचे निवेदन आणि तीन मिनिटांची मुलाखत ध्वनिमुद्रित करा. दोन्हींत तेच पाच मुद्दे असू द्या. वर्गाचे दोन गट करून एकाला एक, दुसऱ्याला दुसरे ऐकवा. दुसऱ्या दिवशी कोणाला किती मुद्दे आठवतात ते मोजा. नंतर असाच दुसरा विषय घ्या, एका गटाला ऐकल्यावर दहा मिनिटे चर्चा करू द्या आणि पुन्हा मोजा. मिळालेल्या आकड्यांवरून तुमच्या श्रोत्यांसाठी योग्य रूप कोणते, हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.